मिठागरावरचे टिपणीस सर

ठाण्याच्या मुलींच्या शाळेत मी नोकरीला लागले तेव्हा स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झाली होती, आणि आमच्या शिक्षकांच्या खोलीत खुर्च्या सात आणि माणसं आठ होती. आठवे टिपणीस सर. ते गणित शिकवायचे. अंगात पांढरा लांब कोट, त्याच्या खिशात खडूची भुकटी, आणि खिडकीच्या कट्ट्यावर अर्धवट टेकून बोलायची सवय. मी नवी, वयानं सगळ्यांत लहान, म्हणून संकोचून उभी राहिले, तर म्हणाले, "बसा हो बाई. तुम्हाला व्याकरण शिकवायचंय, त्याला बैठक लागते. गणित उभ्यानं होतं."

त्यांच्या तासाला शेजारच्या वर्गात शिकवणं कठीण. भिंतीपलीकडून सारखा कालवा ऐकू यायचा. पुस्तकातलं गणित ते आहे तसं कधी घेतच नसत. 'दहा मजूर एक भिंत आठ दिवसांत बांधतात' असं वाचलं की थांबायचे. "का बरं? ऊन किती होतं? मजुरांत बायका किती? त्यांना पुरुषांइतकीच मजुरी होती का?" मुली आधी हसायच्या, मग भांडायला लागायच्या. भागीदारीच्या गणितात तर हमखास. अ आणि ब यांनी भांडवल घातलं, क यानं दुकान सांभाळलं. सर विचारायचे, "क सकाळी आठला दुकान उघडतो. ब कुठे असतो तेव्हा?" एकदा तपासनीस आले असताना एका मुलीनं उठून सांगितलं, "सर, ब झोपलेला असतो." तपासनीसांनी चष्मा काढून पुसला. सर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "उत्तर पुस्तकाला धरून काढा. पण ब झोपलेला असतो हे लक्षात ठेवा."

'का बरं?' हे दोन शब्द त्यांच्या तोंडी सतत. त्यात राग नसायचा, खरंच कुतूहल असायचं. जगात सगळं नीट वाटलं गेलं तर सगळ्यांना पुरेल असा त्यांचा हिशोबी विश्वास होता, आणि पुरत नाही म्हणजे मध्ये कुणीतरी चूक केली आहे, ती शोधली की झालं, असं त्यांना वाटायचं. आम्ही हसायचो. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणायच्या, "टिपणीस, तुम्ही फळ्यापुरतं बघा."

त्यांची एकुलती एक मुलगी कुमुद माझ्या वर्गात होती, पाचवीत. वडिलांसारखीच लांब मान, आणि वाक्य संपायच्या आत पुढचं वाक्य सुरू करायची घाई. तिच्या शेजारी नलू बसायची, वकिलांची मुलगी. दोघी एकाच गल्लीत राहायच्या, एकाच छत्रीतून यायच्या.

त्या श्रावणात दोघी दोन दिवसांच्या अंतरानं आजारी पडल्या. विषमज्वर. गल्लीतली विहीर बिघडली होती असं नंतर कळलं. तोवर त्या तापाला औषध असं नव्हतंच. एकवीस दिवस वाट बघायची, पाणी पाजायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. पण डॉक्टर म्हणाले, नव्या विलायती गोळ्या निघाल्यात, मुंबईत मिळतात, लवकर मिळाल्या तर पोरं वाचतात. वकिलांचे भाऊ मुंबईत औषधांच्या कंपनीत होते. नलूच्या गोळ्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आल्या.

सर तीन दिवस मुंबईत दुकानं पालथी घालत होते. जिथे जातील तिथे 'माल संपला'. एका दुकानाच्या मागच्या दारी कुणीतरी हळूच भाव सांगितला. तो ऐकून ते परत आले, पत्नीच्या, शारदावहिनींच्या, पाटल्या घेऊन सकाळी पुन्हा गेले. मी त्या दिवशी त्यांच्या घरी होते. वहिनींना सोबत हवी होती, आणि कुमुद माझ्या वर्गातली. ती साडेअकराला गेली. शेवटपर्यंत काहीतरी सांगत होती, पण शब्द लागत नव्हते.

सर एक वाजता आले. दारातली माणसं पाहूनच त्यांना कळलं. हातात एक लहान खोकं होतं. ते आत आले, कुमुदजवळ उकिडवे बसले, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. वहिनींकडे पाहिलं. आणि उठून पुन्हा बाहेर पडले. मला वाटलं, यांचा तोल गेला. मी मागे धावले. ते झपाझप दवाखान्यात गेले, खोकं डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. "दुसरं कुणी असेल ना आजारी? गल्लीत? त्याला द्या. लगेच द्या." डॉक्टर उभे राहिले. सर म्हणाले, "पैसे कुणाकडून घेऊ नका," आणि घरी निघाले.

दहाव्या-बाराव्या दिवशी ते शाळेत आले. मग नलूही आली. डोक्यावरचे केस बारीक कापलेले, मनगटं काडीसारखी. मधल्या सुट्टीत ती जिन्यात सरांच्या समोर आली आणि जागच्या जागी थांबली. दहा वर्षांची पोर, पण आपण काहीतरी अपराध केलाय असं तिच्या चेहऱ्यावर होतं. सर म्हणाले, "नलू, अपूर्णांक बुडाले ना तुझे? उद्यापासून डबा खाऊन माझ्याकडे ये." महिनाभर त्यांनी तिला शिकवलं. ती बाकावर, ते समोर येरझाऱ्या घालत. कारण आता ते बसेनासे झाले होते. शिक्षकांच्या खोलीत आठवी खुर्ची आली, ती रिकामी राहायची. घरी ते उभ्यानंच जेवतात, ताट खिडकीत ठेवून, असं वहिनींनी मला एकदा सांगितलं. "आणि मला बसल्या जागेवरून उठवत नाही," त्या म्हणाल्या. शिवणाचं यंत्र त्यांनी चादर टाकून झाकून ठेवलं होतं. कुमुदचा एक फ्रॉक अर्धा शिवलेला त्यातच अडकून होता.

आमच्यातल्या एका बाईंनी सरांना न राहवून विचारलं, "तुम्हाला त्या मुलीकडे बघवतं तरी कसं?"

सर येरझाऱ्या घालता घालता थांबले. "नलू जगली याचा मला राग यावा? का बरं?" मग म्हणाले, "दोघी जगायला हव्या होत्या. एवढंच माझं म्हणणं आहे."

त्यानंतर रविवारी ते चालायला लागले. नुसते चालत सुटायचे. कधी कोलशेतपर्यंत, कधी पार शीळफाट्यापर्यंत जाऊन ऊन उतरताना परत. मी तेव्हा कळव्याला राहायचे. खाडीच्या पुलावरून त्यांची लांब, पुढे झुकलेली आकृती येताना दिसली की माझी आई म्हणायची, "आले गं तुझे सर, पाणी काढ." ते ओटीवर उभ्यानंच तांब्या रिकामा करायचे आणि निघायचे. असेच एकदा ते मिठागरांकडे वळले आणि तिथेच अडकले.

मिठागरं म्हणजे आम्हाला रोजची. खाडीकाठच्या खाजणातले चौकोनी वाफे, त्यात उन्हानं चमकणारं पाणी, आणि कडेला मिठाच्या पांढऱ्या राशी. वाफ्यापासून राशीपर्यंत मीठ वाहायचं काम आसपासच्या गावांतल्या आगरी बायका करायच्या, डोक्यावर बांबूची पाटी घेऊन. मजुरी पाटीमागे. मी लहानपणापासून त्या बायका पाहत आले होते आणि मला त्यात विचारण्यासारखं काही कधी दिसलं नव्हतं. सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "एका पाटीत मीठ किती मावतं?"

चांगुणाबाई नावाची एक उंच, काळीसावळी बाई होती, साऱ्यांची म्होरकी. तिनं कमरेवर हात ठेवून सरांना वरून खालपर्यंत न्याहाळलं. "मावंल तेवरं भरतू. तुमी उन्हात कशाला फिरताव मास्तर?"

"पाटी नेहमी एवढीच असते?"

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. चांगुणाबाई म्हणाली, "पाटी वाढतंय की. पोरीवानी वाढतंय."

"कशावरून?"

"आमची मान सांगतंय. दोन सालांमागं घरी जाऊन मान वलवता यायची. आता नाय वलत."

पुढच्या रविवारी सर माझ्या ओटीवर आले ते पाणी प्यायला नाही. "बाई, चला. आकडे लिहून घ्यायला कुणीतरी हवं." खिशातून त्यांनी शिंपीकामाचा टेप काढला. वहिनींचा. मी वही घेऊन निघाले. बायकांच्या हातातल्या पाट्या त्यांनी एकेक मोजल्या, वरचं तोंड, खालचा तळ, खोली. ठीक आहे, पण तुलना कशाशी करायची? जुनी पाटी कुठे मिळणार? चांगुणाबाई म्हणाली, "माझ्या घरा हाय. पन तीत कोंबरी बसलंय."

आम्ही तिच्या घरी गेलो. पडवीत दोन वर्षांपूर्वीची पाटी, आत गवत, आणि अंडी उबवत बसलेली एक तांबडी कोंबडी. सर गुडघ्यावर बसले. कुमुद गेल्यानंतर त्यांना जमिनीवर टेकलेलं मी तेव्हाच पाहिलं. कोंबडीनं त्यांच्या हाताला दोनदा चोच मारली. ते तिला "एकच मिनिट, एकच मिनिट" म्हणत राहिले. चांगुणाबाईला हसू आवरेना. शेवटी तिनं कोंबडी उचलून काखेत धरली, आणि सरांनी पाटी मोजली. तिथेच, शेणानं सारवलेल्या जमिनीवर खडूनं गणित मांडलं. बायका भोवती जमल्या होत्या. उत्तर आल्यावर सरांनी ते दोनदा तपासलं. मग म्हणाले, "तुम्ही चार पाट्यांची मजुरी घेऊन पाच पाट्या वाहताय."

चांगुणाबाईनं कोंबडी खाली सोडली. "ते आमाला ठावं हुतं मास्तर," ती म्हणाली. "पन ते लिवलेलं नवतं."

मिठागराचा मक्तेदार भला दिसणारा माणूस होता. त्यानं सरांना खुर्ची दिली, चहा मागवला. सर उभेच राहिले, मी बसले. त्यानं वहीतले आकडे शांतपणे वाचले. "मास्तर, टोपल्या बुरूड विणतो. हाताचं काम आहे. थोडं कमीजास्त व्हायचंच."

"बरोबर," सर म्हणाले. "मग कमी का होत नाही कधी? दर वेळी जास्तच का बरं होतं?"

मक्तेदार हसला. पण बाहेर पस्तीस-चाळीस बायका रिकाम्या पाट्या उपड्या घालून त्यांवर बसल्या होत्या, आणि आभाळ भरून येत होतं. हंगामाचे शेवटचे दिवस. राशी झाकल्या गेल्या नाहीत तर मीठ वाहून जाणार. तासाभरात तो तयार झाला. सरांनी लोहाराकडून एक लोखंडी कडं करून आणलं, जुन्या पाटीच्या तोंडाच्या मापाचं. खोलीसाठी एक काठी. कड्यातून जी पाटी जाणार नाही, ती वापरायची नाही. कडं राशीजवळच्या खांबाला टांगलं. बायकांनी त्या दिवशी पळत पळत मीठ वाहिलं. सरही पाटी उचलायला गेले, तर चांगुणाबाईनं त्यांना बाजूला ढकललं. "तुमी मोजा. वाहाचं आमी बघतू."

त्या रात्री मला वाटलं, चूक सापडली आणि दुरुस्तही झाली. सरांचा विश्वास खरा ठरला.

पुढच्या हंगामात कडं खांबाला होतंच. पण चांगुणाबाईला आणि आणखी दोघींना कामावर घेतलं नाही. कारण सांगितलं नाही. आणि मक्तेदाराचे एक नातलग आमच्या शाळेच्या मंडळावर होते. मोठ्या बाईंनी एका दुपारी आम्हा शिक्षकांसमोर एक कागद ठेवला. टिपणीस शाळेच्या वेळेत मजुरांना चिथावणी देतात, वर्गात राजकारण करतात, असा त्याचा मजकूर. खाली सह्यांची जागा. मोठ्या बाईंची नजर वर उठत नव्हती. "वरून आलंय," एवढंच म्हणाल्या.

शाळेची वेळ खोटी होती. रविवार होता, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. वही माझ्या हातात होती. पण माझी नोकरी कायम झालेली नव्हती, वडील अंथरुणाला खिळलेले, मागे दोन बहिणी. मी सही केली. माझी सही पाचवी होती. ती नसती तरी काही फरक पडला नसता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

सरांनी भांडण केलं नाही. त्यांना त्या तिघींचं लागलं होतं. कळव्याला ते चांगुणाबाईच्या पडवीत उभे होते तेव्हा मी तिथून जात होते. मला पाहून ते बोलायचे थांबतील या भीतीनं मी कुंपणाआडच राहिले. सर म्हणत होते, "माझ्यामुळे तुमची रोजी गेली." चांगुणाबाई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "वीटभट्टीवर जातंय मी. पाटी लहान झाली का नाय? ती आता आमच्या पोरींच्या डोक्यावर लहानच राहील. रडाचं नाय मास्तर. पुढं काय कराचं ते सांगा."

सरांची नोकरी गेली. ठाण्यातलं भाडं परवडेना म्हणून दोघं डोंबिवलीला गेले. तेव्हा डोंबिवली म्हणजे स्टेशन, दोन रस्ते आणि पुढे भाताची शेतं. सहा महिन्यांनी, कायम झाल्याचं पत्र हातात आल्यावर, मला राहवलं नाही. मी पत्ता शोधत गेले.

बाहेरूनच यंत्राचा आवाज ऐकू आला. शारदावहिनी शिवत होत्या. शेजारणींच्या चोळ्या, पोरांच्या चड्ड्या, परकर. सर मागच्या अंगणात शिकवणीच्या मुलींपुढे येरझाऱ्या घालत होते. मी वहिनींना तिथेच, दारात उभ्यानं सगळं सांगितलं. सही, रविवार, सगळं. यंत्र थांबलं.

सर आत आले होते. त्यांनी ऐकलं होतं. "तुमची नोकरी कायम झाली का?" त्यांनी विचारलं.

"झाली."

"मग ठीक झालं." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. "घरात मिळवणारं माणूस एक आणि खाणारी पाच. त्यात तुम्ही दुसरं काय करणार होता? तुम्हाला सही करावी लागते, हाच तर माझा मुद्दा आहे." आणि ते लगेच दुसऱ्याच गोष्टीवर गेले. मिठागरांतल्या मजुरीचा दर सरकारनं ठरवून द्यावा, प्रत्येक मक्तेदाराच्या मर्जीवर सोडू नये, यासाठी अर्ज चालले होते. कळव्यापासून पुढच्या गावांपर्यंत ते बायकांचे अंगठे घेत फिरत होते. कुठल्या गावात किती, हे बोलताना ते खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चालत होते.

वहिनी म्हणाल्या, "यांना नसेल वाटलं, बाई. मला वाईट वाटलं. फार वाटलं." त्यांनी ते माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. मग उठून चहा ठेवला. मी निघताना सुईदोरा हातात घेऊन माझ्या ब्लाउजचं निसटलेलं बटण तिथल्या तिथे टाचून दिलं. दोघांनीही मला पुन्हा या असं म्हटलं नाही, आणि येऊ नका असंही नाही.

मी पुन्हा गेले नाही. लग्न झालं, ठाण्यातच राहिले. सरांच्या बातम्या कानावर यायच्या. कल्याणला कचेरीत अर्ज घेऊन बसले. बसले म्हणजे अर्थात उभे राहिले. एका भात गिरणीत मापावरून भांडले. कुणीतरी त्यांना मारहाण केली, दोन दात पडले, आठवड्यानं पुन्हा तिथेच दिसले. लोक म्हणायचे, मुलगी गेल्यापासून बिचाऱ्याचं डोकं फिरलंय. मला ते कधीच पटलं नाही. फिरलेल्या डोक्याला जमिनीवर खडूनं इतकं नीट गणित मांडता येत नाही. पण कुठेतरी टेकायला त्यांना जमतच नव्हतं, हेही खरं. त्यांच्याबद्दल ऐकलं की मलाही घरात चैन पडायचं नाही. भांडी घासत असले तरी उगीच उठून दाराशी जाऊन यायचे.

दरांचं काम लांबतच गेलं. मग पन्नासच्या दशकाच्या अखेरीस एका सकाळी आमच्या घरावरून मोर्चा गेला. मी पाच महिन्यांच्या मुलीला खांद्यावर घेऊन दारात उभी राहिले. मिठागरांतल्या बायका कलेक्टर कचेरीकडे निघाल्या होत्या. दोनशे तरी असतील. गुडघ्याच्या वर नेसलेली लुगडी, भेगाळलेली पावलं, आणि पुढे चांगुणाबाई, केस पांढरे झालेले. तिच्या मागून चौथ्या-पाचव्या रांगेत शारदावहिनी. हातात काठीला लावलेलं कापड, त्यावर सुबक टाक्यांनी शिवलेली अक्षरं. उन्हानं त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी मला पाहिलं आणि मान हलवली.

सर रांगेच्या कडेकडेनं पुढे-मागे धावत होते. कुणाला पाणी, कुणाला 'डावीकडे घ्या, गाडी येतेय'. वाळून काटकुळे झाले होते, कोटाची बाही उसवलेली. मी हाक मारली नाही. त्यांनीच पाहिलं. रस्ता ओलांडून आले, धापा टाकत. मला वाटलं, आता काय बोलणार? मी काय बोलू?

ते मुलीकडे बघत होते. तिनं डोळे उघडले, त्यांच्या बटणाकडे हात नेला.

"देवीची लस टोचली का हिला?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही. पुढच्या महिन्यात..."

"पुढच्या महिन्यात का बरं? नगरपालिकेत टोचतात. फुकट. सगळ्यांच्या पोरांना. उद्या जा." त्यांनी तिच्या मुठीतून बटण हलकेच सोडवलं. "उद्या सकाळी आठला उघडतात. लवकर जा, रांग असते."

"जाते," मी म्हटलं.

मोर्चा वळणावर पोचला होता. शेवटच्या बायका दिसेनाशा होत होत्या. सरांनी तिकडे पाहिलं, कोट सावरला आणि ते पळत सुटले, पन्नाशी उलटलेला माणूस, भर उन्हात, रस्त्याच्या मधोमध. वळणापर्यंत ते मला दिसत होते.

दुसऱ्या दिवशी आठच्या आत मी नगरपालिकेच्या दवाखान्यात पोचले. माझ्या पुढे रांगेत एक कोळीण होती, मागे एका मारवाड्याची सून. माझ्या मुलीचा नंबर सातवा लागला.